वयाने मोठा कुत्रा दत्तक घेताय? शी-शू बाहेर की घरातल्या मोरीत, ठरवायच्या आधी हे वाचा

शेवंती, आमची दत्तक घेतलेली कुत्री, आमच्याकडे आली तेव्हा साधारण ४ वर्षांची होती आणि पहिले १९ तास तिने शू केलीच नाही. मी आधीच ड्राय बाल्कनीत हिरवं आर्टिफिशियल ग्रास अंथरून ठेवलं होतं, ठाण्यात घोडबंदर रोडला चौदावा मजला, दर वेळी लिफ्टने खाली कोण जाणार असा सरळ हिशोब होता माझा. ती त्या ग्रासच्या बाजूला अंग चोरून बसून राहिली, पाय सुद्धा ठेवला नाही त्याच्यावर. खाली नेलं तर पोडियमवर सगळीकडे पेव्हर ब्लॉक, तिथेही नाही. शेवटी गेटच्या बाहेर कंपाउंडच्या भिंतीमागे जिथे थोडी माती आणि रानगवत आहे तिथे पोचलो आणि बाईसाहेब बसल्या त्या एक मिनिटभर उठल्याच नाहीत, माझ्या डोळ्यात पाणी आलं अक्षरशः.

त्याच महिन्यात नेरूळला माझ्या मावशीने ६ वर्षांचा लॅब्राडोर घेतला, ब्रीडिंगवाल्याकडून सोडवलेला, आयुष्यभर सिमेंटच्या पिंजऱ्यात राहिलेला. त्याचं बरोब्बर उलट. मावशी त्याला तासभर फिरवायची, तो सगळी झाडं हुंगायचा, आणि घरी येऊन बाथरूमच्या लादीवर मोकळा व्हायचा. ती म्हणायची मुद्दाम करतो मेला. मुद्दाम नाही हो, त्याच्या पायांना शू म्हणजे कडक, गार फरशी एवढंच माहिती. शेवंतीच्या पायांना माती. मोठ्या कुत्र्याला तुम्ही कोऱ्या पाटीवर शिकवत नसता, त्याची आवडती जागा आधीच ठरलेली असते, म्हणून बाहेर की घरात हा प्रश्न तुमच्या फ्लॅटवरून नाही तर त्याच्या आधीच्या घरावरून सुरू करायचा. माझं एवढंच ठाम म्हणणं आहे, बाकी खाली जे लिहितेय ते त्याच्या नंतरचं.

बाहेरची सवय लावायची तर वेळ द्यावा लागतो, त्याला पर्याय नाही. तब्येत चांगली असलेला मोठा कुत्रा ६ ते ८ तास धरू शकतो, पण नव्या घरात घाबरलेला असतो, पाणी कधी जास्त पितो कधी पीतच नाही, त्यामुळे पहिला आठवडाभर तरी दर ३-४ तासांनी खाली न्या. सकाळी उठल्या उठल्या (आपला चहा त्यानंतर!), खाल्ल्यावर १५ ते ३० मिनिटांनी कारण पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात, संध्याकाळी, आणि झोपायच्या आधी एकदा. मग हळूहळू ४ वेळा, मग ३ वेळा. रोज त्याच दारातून, त्याच कोपऱ्यात. खिशात उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा पनीर ठेवा आणि त्याने केलं की तिथल्या तिथे द्या, घरी येऊन दिलं तर त्याला वाटतं लिफ्टमधून बाहेर आल्याचं बक्षीस आहे. आणि शू झाली की लगेच परत फिरू नका, ही चूक मी केली, शेवंतीने ४ दिवसांत ओळखलं की शू केली की फिरणं संपतं आणि मग ती धरून ठेवायला लागली. त्यानंतर मी उलटं केलं, आधी काम मग १० मिनिटं मजेत फेरफटका.

दुसरं म्हणजे गल्लीतले कुत्रे. त्यांचा एरिया असतो, नवीन कुत्रा तिथे घाबरून शू करत नाही आणि आपल्याला वाटतं हिला लागलीच नाही. सगळ्यात शांत वेळ शोधा, आमच्याकडे सकाळी सहाच्या आत आणि रात्री साडेदहानंतर. पहिले काही आठवडे हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळ्यातला पट्टा दोन्ही लावून दोन्हीला लीश, कारण फटाका किंवा ट्रकचा हॉर्न वाजला की नवीन कुत्रा मान मागे ओढून पट्ट्यातून निसटतो आणि घोडबंदरसारख्या रस्त्यावर निसटला तर पुढचं मला लिहवत पण नाही.

लिफ्टवरून कोणी वाद घातला तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना प्रिंट काढून ठेवा, सोसायटीला पाळीव कुत्र्याला लिफ्टबंदी करता येत नाही असं त्यात आहे. पण शी उचलायची पिशवी कायम हातात हवी, ते आपलं काम आहे.

आता घरातली सोय. यात तीन प्रकार आणि तिन्ही सारखे नाहीत. शू शोषून घेणारं पॅड सगळ्यात सोपं वाटतं पण ते मऊ असतं, कुत्र्याला पॅड आणि पायपुसण्यात फरक कळत नाही, मावशीच्या देवघरासमोरची सतरंजी अशीच गेली. शिवाय रोज २-३ पॅड म्हणजे महिन्याचा खर्च आणि कचरा दोन्ही वाढतात. आर्टिफिशियल ग्रासवर पाणी खाली झिरपतं पण रोज धुतलं नाही तर मे महिन्यात वास असा येतो की बाल्कनीचं दार उघडवत नाही, आणि ते धुतलेलं पाणी बाल्कनीच्या पाइपातून कुठे जातं ते आधी बघा, खालच्या काकूंच्या तुळशीवर पडलं की भांडण ठरलेलं. तिसरी आपली मोरी. मला विचाराल तर घरात करायचंच असेल तर हीच बरी, उतार असतो, जाळी असते, एक बादली ओतली की साफ. अडचण एकच, सकाळी कोणीतरी आंघोळीला आत आणि बाहेर तो गोल गोल फिरतोय, त्यामुळे एकच बाथरूम असेल तर घरातल्यांनी वेळा ठरवून घ्या. नर असेल तर पाय वर करायला त्याला काहीतरी उभं लागतं, मावशीने कोपऱ्यात पाणी भरलेली मोठी बाटली ठेवली आणि भिंतीवरचे फवारे बंद झाले.

साफसफाईत फिनेल नको. वास दबतो तो आपल्याला, कुत्र्याच्या नाकाला खालच्या शूचा वास येतोच आणि तो परत तिथेच जातो, शिवाय फिनेलच्या ओल्या फरशीवरून चालून पाय चाटला तर त्याला त्रास होतो. अमोनियावालं क्लीनर तर त्याला शूसारखंच वाटतं. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते ओतून १०-१५ मिनिटं राहू द्या मग पुसा.

पावसाळ्यात मात्र घरातल्या सोयीचं पारडं जड होतं हे कबूल करायला पाहिजे. जूनपासून पाणी साचतं, त्यात उंदरांची लघवी मिसळलेली असते आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तिथूनच होतो, कुत्र्याला पण आणि आपल्याला पण. बाहेर नेणार असाल तर लेप्टोची लस दर वर्षी, साचलेल्या पाण्यातून नेणं नाही, आल्यावर पाय पुसून कोरडे, आणि गोचिडीसाठीचं औषध चालू ठेवा कारण ओल्या गवतात गोचिड्या असतात. उन्हाळ्यात डांबरावर हाताचा मागचा भाग ५ ते ७ सेकंद ठेवून बघा, आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजाला पण नाही. दिवाळीत अंधार पडायच्या आत शेवटची फेरी उरका.

चुकून घरात झालीच तर ओरडू नका, नाक तर अजिबात घासू नका. त्याला "घरात करायची नाही" असं नाही कळत, "हिच्यासमोर करायची नाही" असं कळतं आणि मग तो सोफ्यामागे जाऊन करतो, आणि बाहेर तुमच्यासमोर लीशवर पण करत नाही. तुम्ही जवळ गेल्यावर कान पाडून थोडीशी सोडत असेल तर ती भीती आहे, खाली बसून बाजूने जवळ जा. नीट शिकलेला कुत्रा अचानक घरात करायला लागला, थेंब थेंब करतोय, रक्त दिसतंय, किंवा नसबंदीचं ऑपरेशन झालेली मादी झोपेत गादी ओली करतेय तर ती सवय नव्हे, व्हेटकडे न्या. २४ तास शूच झाली नाही तरी फोन करा.

तर ठरवायचं कसं. रस्त्यावरून आलेला इंडी (देशी कुत्रा), तब्येत ठीक, घरात दुपारी कोणीतरी असतं किंवा कुत्रा फिरवणारा वॉकर परवडतो, तर बाहेरच, दुसरा विचार करू नका. पिंजऱ्यात वाढलेला, म्हातारा, कंबर-गुडघे दुखणारा, तर मोरी आणि सोबत हळूहळू बाहेरची ओळख. आणि तुम्ही सकाळी साडेसातची फास्ट लोकल पकडून रात्री आठला येत असाल आणि मध्ये कोणीच नसेल तर तो मातीवाला असला तरी घरात जागा द्यावीच लागेल, १२ तास धरायला लावणं बरोबर नाही, त्याने लघवीचे त्रास सुरू होतात. दोन्ही एकदम शिकवू नका पण. एक पक्कं होऊ दे, साधारण ३ आठवडे, मग दुसरं.

मी शेवंतीसाठी जुलैत तेच केलं. तिच्याच कोपऱ्यातली माती आणि गवताचे ढेकूळ कुंडीखाली ठेवतात त्या मोठ्या ट्रेमध्ये भरून ड्राय बाल्कनीत ठेवले. दोन दिवस नुसतं हुंगलं. तिसऱ्या दिवशी बाहेर धो धो पाऊस, लाइट पण गेलेली, आणि ती आपणहून जाऊन त्या ट्रेमध्ये बसली.

आणायला जाल तेव्हा फोस्टरला (दत्तक जाईपर्यंत कुत्र्याला घरी सांभाळणाऱ्यांना) हे नक्की विचारा, कशावर करतो, किती वाजता करतो, आणि करताना ते काय बोलतात. आमच्या फोस्टरताई "चल सूसू" म्हणायच्या, मी ३ आठवडे "शू कर, शू कर" करत उभी, तो शब्द कळल्यावर दुसऱ्याच दिवशी गेटबाहेर २ मिनिटांत काम झालं.