मातीची पाटी, साबणाची मुद्रा, सफरचंदाची ममी की पुठ्ठ्याचा पिरॅमिड?

मुलांना प्राचीन संस्कृतींची ओळख हातानं काही करून द्यायची, तर या चारांतलं काय निवडावं? पुठ्ठ्याचा पिरॅमिड मी आधीच बाद करते. आखणं-कापणं सगळं मोठी माणसं करतात, मुलाच्या वाट्याला पिवळा रंग तेवढा येतो. शिवाय आतून पोकळ! गीझाच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये सुमारे २३ लाख दगड आहेत आणि मुलाला प्रश्न पडायला हवा तो, हे ओढून आणले कसे. त्यापेक्षा सपाट तळाच्या ट्रेमध्ये जड पुस्तकं भरा, दोरी बांधा, आणि आधी कोरड्या, मग ओलसर वाळूवरून ओढायला लावा. इजिप्तमधल्या जेहुतिहोतेप या प्राचीन प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यातल्या चित्रात अवाढव्य पुतळ्याच्या घसरगाडीपुढे एक जण पाणी ओतताना दिसतो. तो ते का करत असावा, हे दोरी धरलेल्या हातांना लगेच कळतं. पाणी मात्र बेतानं. आमचा ट्रे चिखलात रुतून बसला होता.

राहिले तीन. मूल ५ ते ७ वर्षांचं असेल आणि हाताशी एकच दुपार असेल, तर डोळे मिटून मातीची पाटी. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भागात, इ. स. पू. ३२००च्या सुमारास लिहिणं सुरू झालं ते गोष्टींसाठी नव्हे, धान्याच्या आणि गुरांच्या हिशेबासाठी. म्हणून मुलांनाही आधी आकडेच लिहू द्यावेत. बोरूऐवजी चौकोनी टोकाची चॉपस्टिक चालते. ती ओढायची नाही. कोपरा तिरका दाबायचा आणि उचलायचा. ओढली की माती कडेला गोळा होते आणि रेघ फाटते, दाबली की स्वच्छ पाचर उमटते. ही लिपी वळणदार का नाही, ते वेगळं सांगावं लागत नाही. उभी खूण म्हणजे एक, कोनासारखी म्हणजे दहा. सात वर्षांच्या मुलाचं वय सात खुणांत लिहून होतं. मग आजीचं ६७ लिहायला सांगा. मेसोपोटेमियातल्याच बॅबिलोनच्या पद्धतीत साठाला पुन्हा एकच उभी खूण, फक्त डावीकडे, जागा सोडून! तासाची साठ मिनिटं त्याच साठाच्या हिशेबातून आली, हे सांगायला याहून चांगली वेळ नाही. पाटी सावलीत वाळवा, उन्हात तडकते.

सिंधू संस्कृतीची मुद्रा दिसायला सगळ्यांत देखणी, पण आठ वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नये. पाटीवर चुकलं तर अंगठ्यानं पुसता येतं. कोरलेलं परत भरता येत नाही. मूळ मुद्रा मऊ दगडाच्या, बहुतेक चौकोनी, साधारण अडीच सेंटिमीटरच्या. आपण साबणाची वडी घ्यायची, बोथट टोकानं कोरायची आणि मऊ मातीवर दाबायची. इथं खरी मजा म्हणजे सगळं उलटं कोरावं लागतं. पहिल्या ठशात नावाचं पहिलं अक्षर हमखास आरशातलं निघतं. ‘खऱ्या मुद्रेवर काय लिहिलंय?’ असं मूल विचारेलच. ती लिपी अजून खात्रीनं कुणालाच वाचता आलेली नाही, असं सरळ सांगा. मोठ्यांनाही येत नाही म्हटल्यावर मुलं भलतीच खूश होतात.

सफरचंदाच्या ममीला हात कमी आणि धीर जास्त लागतो. एक फोड उघडी ठेवायची, दुसरी मीठ आणि खायचा सोडा समसमान मिसळून त्यात पूर्ण पुरायची. इजिप्शियन लोक नॅट्रॉन वापरत, तेही सोडा आणि मिठाचंच नैसर्गिक मिश्रण. त्यांचा सगळा विधी सुमारे ७० दिवसांचा, आपला आठवड्याचा. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी फोडीचं वजन करा, पाणी कुठं गेलं ते काट्यावर दिसतं. धाकट्यांना तिसऱ्याच दिवशी उकरायची घाई होते. शिवाय मरणाबद्दलचे प्रश्न येतात. उत्तरं द्यायची तयारी नसेल तर हा प्रयोग पुढं ढकला.

अख्ख्या वर्गाला हात चालवायचे असतील तर पाटीच. ममी करायचीच असेल तर सगळ्यांत मिळून एक. तीस वाट्या आठवडाभर सांभाळणार कोण?