सहा वर्षं वापरलेलं जपानी दप्तर

या मार्चमध्ये लेकीची प्राथमिक शाळा संपली आणि तिचं रांदोसेरू, म्हणजे इथल्या शाळकरी पोरांचं ते पेटीसारखं ताठ दप्तर, एकदाचं खुंटीवरून उतरलं. तोक्योतल्या निशि-कासाई भागात नव्याने आलेल्या मराठी आया दर वर्षी विचारतात, 'एवढं महाग घ्यायचं का गं?' म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

घेतलं 2019 च्या जुलैमध्ये, शाळा होती 2020 च्या एप्रिलमध्ये. इथे वर्षभर आधीच खरेदी सुरू होते. हवा तो रंग नंतर मिळत नाही. आमचं जांभळट, कृत्रिम चामड्याचं, किंमत 62 हजार येन. तेव्हाच्या भावाने 40 हजार रुपये! मिरजेहून आबा फोनवर म्हणाले, "दप्तर आहे का तिजोरी?" मग कळलं की इथे ते बहुतेक आजी-आजोबाच घेऊन देतात. दोन दिवसांनी पैसे खात्यात. वर निरोप, "तिथल्या आजोबांपेक्षा आम्ही काय कमी आहोत का?"

आणि शाळा सुरू व्हायच्या वेळेला कोरोना. एप्रिल-मे शाळा बंद. पोरगी दप्तर पाठीला लावून बेडरूममधून स्वयंपाकघरात 'शाळेत' यायची आणि ओट्यापाशी वाकून नमस्कार करायची. जूनमध्ये खरी शाळा उघडली तेव्हा झाकणावर पहिलीच्या मुलांचं पिवळं कव्हर चढलं, गाडीवाल्यांना लांबून दिसावं म्हणून. पट्ट्याला धोक्याचा बझर. दोरी ओढली की कानठळ्या बसतात. पहिल्याच आठवड्यात तो लिफ्टमध्ये चुकून ओढला गेला आणि चौथ्या मजल्यापर्यंत मी सगळ्यांना 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', म्हणत होते.

शाळा बारा मिनिटांवर, आणि पोरं एकटी चालत जातात. पहिले चार दिवस मी खांबाआडून मागे मागे गेले. पाचव्या दिवशी तिने वळून बघितलं आणि हाताने 'जा' म्हणून खुणावलं. 2023 मध्ये सासूबाई आल्या तेव्हा पोरगी चौथीत होती, तरी त्या रोज गॅलरीत उभ्या राहून दप्तराचा जांभळा ठिपका कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघायच्या.

आता वस्तूबद्दल. हा शब्द डच 'रान्सेल'वरून आलाय, सैनिकांच्या पाठपिशवीवरून. 1885 मध्ये तोक्योच्या गाकुशुइन शाळेने मुलांनी घोडागाडीने येणं, नोकराने सामान वाहणं बंद केलं, आणि 1887 मध्ये पंतप्रधान इतो हिरोबुमींनी राजपुत्र योशिहितोला असं दप्तर भेट दिलं, तिथून ही चाल पडली. शिलाई आजही त्याच तोऱ्याची. सहा वर्षांत एक टाका उसवला नाही. झाकणाच्या आत टाइमटेबल ठेवायला पारदर्शक कप्पा. बाजूला जेवणाची पिशवी लटकवायला कडी, आणि ती मुद्दाम अशी बनवलेली की जोराचा हिसका बसला तर सुटते. पिशवी गाडीत अडकली तर पोर फरपटत जाऊ नये म्हणून. एवढा विचार करणाऱ्याला मी पूर्ण मार्क देते.

तक्रार वजनाची. रिकामंच सव्वा किलो. 2021 मध्ये शाळेने टॅब्लेट दिला. दुसरीत असताना एकदा मी विमानाच्या बॅगेचा काटा लावला तर पाण्याच्या बाटलीसकट 5.4 किलो, पोरगी स्वतः 22. आपल्याकडच्या 2020 च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे, इथे आमच्या घरात जवळपास पंचवीस! पुस्तकं शाळेत ठेवू द्यावीत असं इथल्या शिक्षण मंत्रालयाने 2018 मध्ये शाळांना कळवलंय, पण ते शाळेशाळेवर आणि बाईंवर अवलंबून. शुक्रवारी तर वर्गातले बूट, पी.टी.चे कपडे आणि वर्गात जेवण वाढायची पाळी असली तर पांढरा एप्रन, सगळं लोंबकळत घरी. तो एप्रन शनिवार-रविवारात धुऊन, इस्त्री करून सोमवारी परत द्यायचा, कारण पुढच्या आठवड्यात तो दुसरंच कोणी पोर घालणार. स्वतःच्या नवऱ्याच्या शर्टाला मी इतकी कडक इस्त्री कधी केली नाही.

उन्हाळ्यात पाठ ओलीचिंब होते. जाळीची गादी वगैरे दुकानात छान दिसते, जुलैच्या उकाड्यात काही उपयोग नाही.

चौथीत कुलपाची खिट्टी फिरेना झाली. सहा वर्षांची गॅरंटी खरी निघाली, दुरुस्ती फुकट, तोवर वापरायला बदली दप्तरही घरपोच. पण बोलायचं फक्त फोनवर, त्या अतिनम्र जपानीत. शेवटी लेकीनेच माझ्या हातातून फोन घेतला. नऊ वर्षांची पोर 'हाय, हाय' (म्हणजे 'हो, हो') करत सगळं ठरवून मोकळी झाली. बदली दप्तर लालभडक आलं, त्यावरून आठवडाभर रुसवा.

तर घ्यावं का? मूल पहिलीपासून सहावीपर्यंत इथेच राहणार असेल तर बेलाशक घ्या, पण रंगापेक्षा वजन बघा, आणि दुकानात आत पुस्तकांइतकं वजन घालून पाठीवर चढवून बघा. दोन-तीन वर्षांसाठी आला असाल तर वापरलेलं बघा, नाहीतर शाळेला विचारून साधी सॅक घ्या. बहुतेक ठिकाणी ही रीत आहे, नियम नाही.

आमचं मात्र मागू नका. जॉइसेफ नावाची संस्था अशी जुनी दप्तरं 2004 पासून अफगाणिस्तानातल्या मुलांना पाठवते. त्यांची अट एकच लक्षात ठेवण्यासारखी, डुकराचं कातडं वापरलेलं चालत नाही, म्हणून आतली चिठ्ठी दोनदा वाचली. खोकं भरून दाराशी ठेवलंय. टाइमटेबलचा कागद तेवढा लेकीने काढून घेतला.