एका संध्याकाळी एकच लढत लावायची, तर हॅगलर–हर्न्स की मनिला?

तालमीतली किंवा गल्लीतली दहा-पंधरा पोरं जमवायची, भिंतीवर पडदा लावायचा आणि बॉक्सिंगची एखादी गाजलेली जुनी लढत सगळ्यांनी मिळून बघायची, असा बेत सोलापुरात कुणी आखला की पहिला प्रश्न येतो, लावायची कोणती? बॉक्सिंगच्या शौकिनांना विचारलं की दोन नावं हमखास निघतात. एक, १५ एप्रिल १९८५ रोजी लास व्हेगासला झालेली मार्व्हिन हॅगलर आणि थॉमस हर्न्स यांची. दुसरी, १ ऑक्टोबर १९७५ची महंमद अली आणि जो फ्रेझर यांची, फिलिपाइन्समधल्या मनिलाची. दोन्ही थोरच. पण नवख्यासमोर आधी कोणती ठेवायची याबद्दल माझं मत पक्कं आहे. हॅगलर–हर्न्स आधी. मनिला नंतर, आणि तीही अली-फ्रेझरची मागची गोष्ट सांगूनच.

वेळेचा फरक मोठा आहे. हॅगलर–हर्न्स तिसऱ्या राउंडमध्ये संपली, प्रत्यक्ष झुंज जेमतेम आठ मिनिटांची. मनिला १४ राउंड चालली. तीन मिनिटांचा राउंड आणि मधली एकेक मिनिटाची विश्रांती धरली तर ५५ मिनिटं झाली. नव्या माणसाला ५५ मिनिटं बसवून ठेवता येतं, पण तो नेमकं काय बघतोय हे त्याला कळायला हवं.

आपला प्रेक्षक कुस्तीवर वाढलेला आहे. यात्रेच्या मैदानात मोठी जोड बरोबरीत सोडवली की आपल्याकडे लोक चिडतात, त्यांना निकाली कुस्ती हवी असते. हॅगलर–हर्न्स अशीच निकाली आहे, आणि तिच्यात खडाखडी नाहीच. हर्न्स सहा फूट एक इंच उंच, लांब हातांचा, उजव्या ठोशासाठी प्रसिद्ध. हॅगलर त्याच्याहून बुटका, डावखुरा, मिडलवेट या वजनगटाचा निर्विवाद विजेता. उंच माणसाने लांबून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारत राहायचं आणि बुटक्याने हळूहळू अंतर तोडत आत शिरायचं, ही नेहमीची रीत. हॅगलरने ती घंटा वाजताच मोडली. तो थेट आत घुसला, आणि हर्न्सही मागे न हटता उभा राहून त्याच्याशी भिडला. पहिल्या राउंडमध्ये हर्न्सच्या उजव्या ठोशाने हॅगलर हादरला, त्याच्या कपाळावर जखम झाली. पण त्याच राउंडमध्ये हर्न्सचा उजवा हात मोडला. बॉक्सिंगच्या इतिहासातले उत्तम राउंड मोजायला बसलं, तर या तीन मिनिटांना वगळून यादी पुरी होत नाही.

दुसऱ्या राउंडमध्ये पोरांना फक्त हर्न्सचे पाय बघायला सांगा. ठोसे अजून जोरात सुटतायत, पण पायातला जोर उतरत चाललाय. पाय गेले की पैलवान गेला, हे तालमीत रोज बैठका मारणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. तिसऱ्यात हॅगलरच्या चेहऱ्यावर इतकं रक्त उतरलं की रेफरी रिचर्ड स्टील यांनी लढत थांबवून त्याला डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी पुढे लढू दिलं. पण जखमेमुळे लढत कधीही हातची जाईल, हे हॅगलरच्या ध्यानात आलं असणार. त्यानंतर तो ज्या त्वेषाने तुटून पडला ते बघण्यासारखं आहे. उजव्या ठोशाने हर्न्स गरगरला, हॅगलरने पाठलाग करून त्याला खाली पाडलं. हर्न्स कसाबसा उठला, पण त्याचे डोळे बघून स्टील यांनी लढत संपवली.

आठ मिनिटांत बेत, जिद्द, दुखापत, धोका आणि निकाल, सगळं येतं. तोटा एवढाच की नवख्याला पहिल्या वेळी नुसती हाणामारी दिसते. म्हणून ही एकदा आवाजासकट सलग लावायची, मग पुन्हा लावून मध्ये थांबवत समजावायची. एका संध्याकाळी तीनदा बघून होते. मनिलाच्या बाबतीत हे शक्य नाही.

मनिलाची मौज आणि तिचं दुःख दोन्ही मागच्या इतिहासात आहे. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हे दोघे पहिल्यांदा भिडले तेव्हा दोघेही अपराजित होते. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्याने अलीला तीन वर्षांहून जास्त काळ रिंगबाहेर राहावं लागलं होतं. त्या काळात त्याला पुन्हा लढू द्यावं म्हणून फ्रेझरने शब्द टाकला होता. तरी अलीने पुढे त्याची जाहीर टवाळी केली, मनिलाच्या आधी तर त्याला गोरिला म्हणून हिणवलं. फ्रेझरच्या मनातून ते कितीतरी वर्षं गेलं नाही. १९७१ला १५व्या राउंडमध्ये फ्रेझरच्या डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, अली आडवा झाला आणि गुणांवर फ्रेझर जिंकला. १९७४ला अली जिंकला. मनिला ही तिसरी, म्हणजे फैसल्याची.

अमेरिकेतल्या प्रेक्षकांना संध्याकाळी बघता यावी म्हणून ही तिसरी लढत मनिलातल्या सकाळी ठेवली होती. हॉल खच्चून भरलेला, वर दिव्यांची धग. मे महिन्यात सोलापुरात पत्र्याखाली जोर मारलेल्या पोराला त्या उकाड्याची कल्पना लगेच येईल. सुरुवातीचे राउंड अलीचे. मग फ्रेझर खाली वाकून आत शिरतो आणि बरगड्यांवर, पोटावर मारत अलीला दोरांवर रेटतो. मधला मोठा भाग त्याचा आहे. बाराव्यापासून अलीने कुठून ताकद आणली, हे मला आजही उमगलेलं नाही. तेराव्यात त्याच्या ठोशाने फ्रेझरच्या तोंडातलं माउथपीस (दातांचं रक्षण करणारं कवच) उडून प्रेक्षकांत जातं. चौदाव्यात फ्रेझरला समोरून येणारा ठोसा धड दिसत नाही. पंधरावा राउंड उरलेला असताना त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत सोडली. फ्रेझर नको नको म्हणत होता, त्यांनी ऐकलं नाही.

वस्तादांना आणि पोरांना घेऊन येणाऱ्या आईबापांना मी मनिला याच प्रसंगासाठी दाखवीन. तीन मिनिटं बाकी, विजेतेपद पणाला, पठ्ठ्या लढायला तयार, आणि वस्ताद म्हणतो, पुरे. फच यांच्या त्या निर्णयाइतकं मोठं मला त्या लढतीत काहीच वाटत नाही. बाकी ती सुखाने बघता येत नाही. अलीने स्वतः नंतर ती मरणाच्या जवळ नेणारी म्हटली होती. १९८४ला त्याला पार्किन्सनचं (कंपवाताचं) निदान झालं, हे माहीत असताना डोक्यावरचा प्रत्येक ठोसा टोचतो. लहान पोरं असतील तर मनिला लावूच नका.

जमलेल्यांत फक्त अलीचं नाव ऐकलेली वडीलधारी मंडळी जास्त असतील, तर या दोन्हींऐवजी ३० ऑक्टोबर १९७४ची किन्शासातली अली–फोरमन लावा. जॉर्ज फोरमन तेव्हा ४० पैकी ४० लढती जिंकलेला, त्यातल्या ३७ नॉकआउटने. ३२ वर्षांचा अली दोरांना टेकून मार झेलत राहिला, फोरमनचा दम संपवला आणि आठव्या राउंडमध्ये त्याला पाडलं. यात दमसास म्हणजे काय ते दिसतं. फक्त शेजारी समजावणारा कुणीतरी बसवा, नाहीतर सात राउंड लोकांना वाटत राहतं की अली हरतोय. याच मंडळींना हेही सांगा की १९८० साली अली दिल्लीत आला होता आणि आपले बॉक्सर कौर सिंग यांच्याशी प्रदर्शनीय लढत खेळला होता.

थोडंफार बॉक्सिंग आधी पाहिलेला गट असेल तर माझी निवड आणखी वेगळी: ७ मे २००५, दिएगो कोरालेस विरुद्ध होसे लुइस कास्तियो. साधारण ६१ किलोच्या गटातले दोघे, कपाळाला कपाळ लावून दहा राउंड. दहाव्यात कोरालेस दोनदा खाली गेला, दोन्ही वेळा माउथपीस बाहेर आलं, त्यापायी एक गुणही कापला गेला. डोळे सुजलेले. आणि त्याच राउंडमध्ये त्याने कास्तियोला दोरांवर गाठून लढत जिंकली. माउथपीसच्या निमित्ताने त्याला जो वेळ मिळाला त्यावर अजून वाद होतो, आणि तो वाद पोरांमध्येही रंगू द्यावा. परतीच्या लढतीला कास्तियो ठरलेल्या वजनात बसलाच नाही आणि चौथ्या राउंडमध्ये जिंकला. वजन उतरवायला धडपडणाऱ्या पैलवानांनी तेही बघावं. आर्टुरो गॅटी–मिकी वॉर्ड यांची १८ मे २००२ची पहिली लढत याच जातीची. तिचा नुसता नववा राउंड दाखवलात तरी चालेल.

मुली येणार असतील, आणि निखत झरीनला बघून आता त्या येतात, तर हॅगलर–हर्न्सच्या जोडीला ३० एप्रिल २०२२ची केटी टेलर–अमांडा सेरानो ठेवा. अली-फ्रेझरचंच ते मॅडिसन स्क्वेअर गार्डन, आणि तिथे मुख्य लढत बायकांची होण्याची ती पहिलीच वेळ. दोन-दोन मिनिटांचे दहा राउंड, म्हणजे अर्ध्या तासात आटोपते. पाचव्यात सेरानोने टेलरला नाकीनऊ आणलं, तरी शेवटी तीन पंचांपैकी दोघांच्या कौलाने टेलर जिंकली. निकाल जाहीर व्हायच्या आधी पडदा थांबवा आणि प्रत्येकीला राउंडवार गुण लिहायला सांगा.