पूर्ण मॅन्युअल की ऑटो आयएसओ? पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी एक तुलना

पक्ष्यांचे छायाचित्र घेताना एक्स्पोजरसाठी, म्हणजे चित्र किती उजळ यावे हे ठरवण्यासाठी, अ‍ॅपर्चर प्रायोरिटी, मॅन्युअलसोबत ऑटो आयएसओ आणि पूर्ण मॅन्युअल असे प्रामुख्याने तीन मार्ग आहेत. अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगाचे छिद्र, शटर म्हणजे प्रकाश आत येण्याचा सेकंदातला वेळ आणि आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता. पहिल्या मार्गात छिद्र आपण ठरवतो आणि शटर कॅमेरा, दुसऱ्यात छिद्र व शटर आपण आणि आयएसओ कॅमेरा, तर तिसऱ्यात तिन्ही आपणच. यांतून निवड करताना आधी एवढेच पाहावे, की पुढच्या तासाभरात पक्ष्यावरचा प्रकाश बदलणार आहे की त्याच्यामागची पार्श्वभूमी.

भिगवणला उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर जानेवारीत निरभ्र सकाळी साडेनऊनंतर प्रकाश बराच वेळ स्थिर राहतो. बदलते ती पार्श्वभूमी. नदी सुरय गढूळ पाण्यावरून उडतो, काठच्या बाभळींसमोरून जातो आणि पाहता पाहता उजळ आभाळात चढतो. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचे सगळे दृश्य मध्यम करड्या छटेकडे ओढत असल्यामुळे, मागे काळसर झाडी असताना सुरयाची पांढरी पिसे जळतात (तपशील हरवून नुसती पांढरी उरतात) आणि मागे आभाळ आले की तोच पक्षी काळवंडतो. वास्तविक त्याच्या पंखांवरचे ऊन तसूभरही बदललेले नसते. अशा ठिकाणी पूर्ण मॅन्युअलच उजवा ठरतो. कडक उन्हात आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर एफ ८ आणि शटर १/१६०० येथून सुरुवात करावी, पांढऱ्याशुभ्र बगळ्यासाठी शटर १/२५०० वर न्यावे, काळ्या पाणकाव्यासाठी १/१००० पर्यंत उतरवावे, आणि हिस्टोग्राम (फ्रेममधल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आदळत नाही ना, हे पहिल्या दोन-तीन फ्रेममध्येच तपासावे.

याची उणीव मात्र महागात पडते. नावाड्याने होडी वळवली आणि सूर्य पक्ष्याच्या मागे गेला, तर कॅमेरा काहीच सावरून घेत नाही. एकदा ढगाची सावली सरकत आल्याचे लक्षात न आल्यामुळे पट्टकादंबांच्या थव्याच्या माझ्या चाळीसेक फ्रेम अंधारल्या होत्या.

सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत गणित उलटते. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर एका फांदीवर कवडशात असतो, तर पुढच्या फांदीवर गर्द सावलीत. प्रत्येक झेपेला चाक फिरवत बसणे शक्य नसते. येथे शटर १/१००० आणि अ‍ॅपर्चर एफ ५.६ कायम ठेवून आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवावा. मात्र मीटर येथेही पार्श्वभूमीला फसतोच, म्हणून काळोख्या झाडीसमोरच्या पांढऱ्या नरासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या निर्णयात आपण केलेली वाढ-घट) उणे २/३ ते उणे १ ठेवावे लागते. स्पॉट मीटरिंग, म्हणजे फ्रेममधल्या एका छोट्या ठिपक्यापुरताच प्रकाश मोजणे, हा यावरचा उपाय म्हणून सुचवला जातो. परंतु या नराचे डोके काळे आणि अंग पांढरे असल्याने ठिपका बोटभर सरकला तरी निकाल पालटतो, त्यामुळे मला तो भरवशाचा वाटत नाही.

अ‍ॅपर्चर प्रायोरिटीची बाजू दुबळी आहे, कारण पक्षी सावलीत शिरताच शटर १/१२५ वर घसरते आणि पंख पुसट होतात. तरी काही जुन्या कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओसह मॅन्युअलमध्ये कॉम्पेन्सेशन देता येत नाही. तसा कॅमेरा असेल, तर शटरची किमान मर्यादा ठरवून देण्याची सोय आहे का ते पाहून अ‍ॅपर्चर प्रायोरिटीचा मार्ग घ्यावा.

कॅमेऱ्यात दोन कस्टम मोड (आपली मांडणी साठवण्याच्या जागा) असतील, तर पहिल्यात उन्हाचे पूर्ण मॅन्युअल आणि दुसऱ्यात ऑटो आयएसओ साठवून ठेवावे. होडी बाभळींच्या सावलीकडे वळू लागली, की डायल एक घर फिरवले म्हणजे झाले.