इंग्रजीत पुढचे सांगताना: ‘विल’, ‘गोइंग टु’ की वर्तमानकाळ?

भविष्यकाळ म्हणजे क्रियापदाआधी ‘शॅल’ किंवा ‘विल’ लावणे, एवढाच नियम आपल्यापैकी अनेकांच्या शाळेच्या वहीत उतरलेला असतो, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीपासून ऑफिसच्या ईमेलपर्यंत तोच सर्रास वापरला जातो. असे वाक्य सहसा व्याकरणात चुकत नाही. पण पुष्कळदा समोरच्याला आपल्या मनात नसलेलेच काही ऐकू जाते. आपल्या ‘करीन’सारखा, क्रियापदालाच प्रत्यय लागून होणारा भविष्यकाळ इंग्रजीत नाही. त्याऐवजी चार-पाच रचना आहेत, आणि त्यांतली कोणती घ्यायची हे ठरवताना घटना किती दूर आहे यापेक्षा निर्णय केव्हा झाला आणि अंदाज कशावरून बांधला, हे पाहणे जास्त महत्त्वाचे असते.

खरा गोंधळ ‘विल’ आणि ‘गोइंग टु’ यांत होतो. दारावरची बेल वाजली की उठता उठता आपण ‘मी बघतो’ म्हणतो. हा निर्णय त्याच क्षणी झालेला असतो, म्हणून इंग्रजीत येथे ‘आय विल गेट इट’ हेच योग्य. मराठीतला वर्तमानकाळ तसाच उचलून कोणी ‘आय सी’ म्हणाले, तर ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ ‘अच्छा, समजले’ असा लागेल. मदत देऊ करताना आणि शब्द देतानाही ‘विल’च येते: ‘संध्याकाळपर्यंत अहवाल पाठवतो’ हे साहेबांना दिलेले वचन असेल, तर ‘आय विल सेंड इट बाय इव्हनिंग’. याउलट, दिवाळीपूर्वी घराला रंग द्यायचे घरात आधीच ठरले असेल, तर ‘वी आर गोइंग टु पेंट द हाउस’. मराठीत जेथे ‘देणार आहोत’, ‘करणार आहे’ असे सहज तोंडी येते, तेथे बहुधा ‘गोइंग टु’ बसते, आणि शिकणाऱ्यासाठी हीच खूण मला सर्वांत भरवशाची वाटते.

अंदाजांनाही हाच भेद लागू पडतो. आभाळ भरून आले आहे, वारा सुटला आहे, अशा वेळी ‘इट इज गोइंग टु रेन’ म्हणावे, कारण पुरावा डोळ्यांसमोर आहे. केवळ आपले मत सांगायचे असेल, तर ‘आय थिंक इट विल रेन टुमॉरो’ पुरते.

ठरलेल्या भेटीगाठींसाठी मात्र अपूर्ण वर्तमानकाळ या दोहोंपेक्षा सरस आहे. दुसऱ्या व्यक्तीशी बोलणे झाले आहे, वेळ ठरली आहे किंवा तिकीट काढले आहे, तर ‘आय ॲम मीटिंग द डॉक्टर ॲट फाइव्ह’ हे अगदी स्वाभाविक इंग्रजी आहे. आपणही ‘उद्या नाशिकला जातोय’ म्हणतोच, त्यामुळे मराठी माणसाला ही रचना जड जाऊ नये. तरीही वर्गात शिकलेला नियम आठवून तो ती टाळतो, याचे वाईट वाटते. वेळापत्रकासाठी साधा वर्तमानकाळ असतो: डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला ‘सुटते’, तशीच ती इंग्रजीतही ‘लीव्हज’.

नकार देताना विशेष जपावे. ‘मी उद्या येणार नाही’ ही साधी माहिती आहे. पण तिचे ‘आय विल नॉट कम टुमॉरो’ केले, की त्यातून ‘येणारच नाही, काय करायचे ते करा’ असा हट्ट ध्वनित होऊ शकतो. रजेच्या ईमेलमध्ये ‘आय वोन्ट बी एबल टु कम टुमॉरो’ लिहावे, आणि सहकाऱ्याला सांगताना ‘आय ॲम नॉट कमिंग टुमॉरो’ पुरेसे आहे. ‘वोन्ट’मधला हा अडेलपणा निर्जीव वस्तूंनाही लागतो: दार काही केल्या उघडत नसेल, तर ‘द डोअर वोन्ट ओपन’.

‘शॅल’वर नव्याने शिकणाऱ्याने वेळ घालवू नये. ‘आय’ आणि ‘वी’ यांच्यापुढे ‘शॅल’, इतरांपुढे ‘विल’, हा नियम जॉन वॉलिस यांच्या १६५३ सालच्या व्याकरणाइतका जुना आहे. रोजच्या बोलण्यात आता तो फारसा पाळला जात नाही. ‘खिडकी उघडू का?’ यासाठी ‘शॅल आय ओपन द विंडो?’ एवढे यावे. कायद्याच्या भाषेत तो अजून ठाण मांडून आहे: भारताला राष्ट्रपती असेल, हे सांगणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद ५२ च्या इंग्रजी पाठात ‘शॅल’ आहे, पण तेथे तो काळापेक्षा बंधन सांगतो.

कोणतीही रचना निवडली, तरी एक ठिकाण वेगळे लक्षात ठेवावे लागते. ‘तो येईल तेव्हा मी सांगेन’ यात मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ वापरते. इंग्रजीत मात्र वेळ सांगणाऱ्या ‘व्हेन’नंतर वर्तमानकाळच येतो: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’. ‘इफ’, ‘अन्टिल’ आणि ‘ॲज सून ॲज’ यांच्यानंतरही सामान्यतः असेच करावे.