सड्यावरचे दहा महिने: घरी बांधलेला करंट सोर्स आणि अ‍ॅम्प्लिफायर

देवगड तालुक्यात माझं टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या फेब्रुवारीत मी जमिनीची रोधकता (जमीन विजेला किती अडवते ते; पाणी असलं की आकडा सहसा कमी येतो) मोजायचं यंत्र बांधलं आणि तेव्हापासून विहिरी-बोअरच्या जागा बघायला ते आजूबाजूच्या गावांतून फिरतंय. रणरणता मे, अख्खा पावसाळा आणि आता थंडी, असे दहा महिने झाले. कोणी असं काही बांधणार असेल तर त्याचे दोन महिने वाचावेत म्हणून सविस्तर लिहितोय.

पद्धत जुनी आहे, फ्रँक वेन्नरची, १९१५ ची. एका रेषेत समान अंतरावर चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोघींतून ठरलेला करंट सोडायचा, आतल्या दोघींमधलं व्होल्टेज मोजायचं. व्होल्टेज भागिले करंट, गुणिले २π, गुणिले सळयांमधलं अंतर, की रोधकता मिळाली. अंतर वाढवत गेलं की खोलवरचं कळत जातं. कागदावर इतकं सोपं की मला वाटलं आठवड्यात होईल.

करंटसाठी मी हाऊलंड पंप घेतला, म्हणजे लोड कसाही असला तरी ठरलेलाच करंट देणारं सर्किट. एमआयटीच्या ब्रॅडफर्ड हाऊलंड यांनी १९६२ च्या सुमारास काढलेलं हे सर्किट एक ओपी-अँप (सिग्नल वाढवणारी छोटी चिप) आणि मोजक्या रेझिस्टरांवर दोन्ही दिशांना करंट देतं. माझं त्याचं सुधारलेलं रूप आहे: करंट जोखायला १ किलोओहमचा सेन्स रेझिस्टर, १ मिलिअँप करंट आणि फीडबॅकच्या वाटेवर फॉलोअर (व्होल्टेज जसंच्या तसं पुढे देणारा) म्हणून दुसरा ओपी-अँप. दोन्ही ओपी०७. पॉवरसाठी १८६५० मापाचे चार-चार लिथियम सेल, म्हणजे अधिक-उणे साधारण १५ व्होल्ट.

पहिल्यांदा आमच्याच कलमांच्या बागेवरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, गेलो. मार्च संपत आलेला, जांभा भट्टीसारखा तापलेला. पहारीने भोकं पाडून सळया ठोकल्या, आकडा घेतला. सळयांच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतून परत घेतला, तर आकडा चांगलाच हललेला. शेजारचे आबा बघत होते. त्यांनी आयुष्यभर पाणाड्या बोलावून विहिरी पाडल्या. म्हणाले, "पाणी वतल्यावर आकडो बदालता, मगे जमीन बदालली की तुजा यंत्र?" प्रश्न अगदी बरोबर होता. वीस मीटर अंतरावरच्या सळयांना मी तांब्याभर पाणी घातलं होतं. एवढ्याने खालची जमीन बदलत नाही.

घरी येऊन हिशेब मांडला. सुक्या जांभ्यात एका सळीचा संपर्करोध (सळी जमिनीला टेकते तिथला रोध) सहज ५ किलोओहम असतो, दोघींचा १०. १ मिलिअँपला पंपाच्या तोंडाशी १० व्होल्ट येतात. हाऊलंडचे चार रेझिस्टर तंतोतंत जुळले तर या १० व्होल्टचा करंटवर काही परिणाम होत नाही. मी मात्र १ टक्क्याचे लावले होते. चारही विरुद्ध दिशांना चुकले तर गुणोत्तर २ टक्क्यांनी हलतं. १० व्होल्टचे २ टक्के म्हणजे ०.२ व्होल्ट, ते पडतात १ किलोओहमच्या सेन्स रेझिस्टरवर. म्हणजे ०.२ मिलिअँप, करंटमध्ये थेट २० टक्के चूक. ओपी-अँप कितीही महागडा घ्या, ही चूक जागची हलणार नाही. ०.१ टक्क्याचे रेझिस्टर लावले की ती २ टक्क्यांवर येते आणि उरलेली ट्रिमरने (फिरवून बदलता येणाऱ्या छोट्या रेझिस्टरने) मारता येते.

ट्रिमर बसवायची माझी रीत सांगतो, कारण यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. लोडच्या सिरीजमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर घालायचा आणि त्याला समांतर स्विच. स्विच चालू-बंद करत करंटमीटरच्या शेवटच्या आकड्यावर नजर ठेवायची आणि तो हलायचा थांबेपर्यंत ट्रिमर फिरवायचा. मी रात्री दुकान बंद करून हे केलं. आकडा स्थिर झाला तेव्हा मी तो स्विच उगाचच पन्नास वेळा दाबून बघितला. एवढं करूनही करंट वेगळ्या शंटवर (किंमत पक्की माहीत असलेल्या रेझिस्टरवर) मोजतोच, तो गृहीत धरत नाही.

खरी ठोकर अ‍ॅम्प्लिफायरने दिली. समजा खालची रोधकता २०० ओहम-मीटर आहे. २० मीटर अंतराला रोध येतो १.६ ओहम, म्हणजे १ मिलिअँपला सिग्नल फक्त १.६ मिलिव्होल्ट. आणि आतल्या दोन्ही सळया मुळात प्रत्येकी ५ व्होल्टवर बसलेल्या असतात, कारण परतीच्या सळीचा ५ किलोओहम मध्ये आहे. तीन ओपी-अँप आणि १ टक्क्याचे रेझिस्टर घेऊन मी जो अ‍ॅम्प्लिफायर जुळवला होता, त्याचा सीएमआरआर (दोन्ही इनपुटवर सारखंच येणारं व्होल्टेज दाबून टाकायची ताकद) शंभरच्या गेनला, म्हणजे सिग्नल शंभरपट वाढवताना, वाईटात वाईट धरला तर ७४ डीबी, म्हणजे पाच हजारात एक. ५ व्होल्टमधून १ मिलिव्होल्ट आत घुसतो. सिग्नलच्या निम्म्याहून जास्त! त्यातून फसवणूक अशी की करंट उलटवला की ही चूकही उलटते. सळयांचं स्वतःचं बॅटरीसारखं व्होल्टेज आणि ओपी-अँपचा ऑफसेट, हे दोन्ही करंट उलटवून सरासरी काढली की निघून जातात. ही निघत नाही, सिग्नलचाच मुखवटा घालून बसते. एप्रिलमधली माझी सगळी वही यामुळे फुकट गेली.

मग आयएनए१२८ लावला, म्हणजे हेच सगळं सर्किट तयार असलेली एक चिप. एका चिपच्या किमतीत ओपी०७ मूठभर येतात, पण आतले रेझिस्टर कारखान्यातच लेसरने जुळवलेले असतात. सीएमआरआर १२० डीबीच्या घरातला, म्हणजे तीच चूक ५ मायक्रोव्होल्ट. पैसे वाचवायचे असतील तर डब्यावर, मीटरवर, वायरवर वाचवा. इथे नको.

एक विचित्र त्रास. बाजूच्या गावात एकदा ओपी-अँप हाताला चटका बसेल इतका तापला आणि आकडे कसेही नाचायला लागले. दुकानात आणून तपासला तर ठणठणीत! चार दिवसांनी कळलं की जवळच्या मोजणीसाठी मी निम्मी वायर रिळावरच ठेवली होती. रिळावरची वायर म्हणजे कॉइल, आणि हाऊलंडला असा लोड चालत नाही, तो ऑसिलेट होतो, म्हणजे आउटपुट आपोआप वर-खाली झुलत राहतं. फीडबॅक रेझिस्टरवर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, आउटपुटवर छोटी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी आणि वायर पूर्ण उलगडून ठेवायची सवय, एवढ्यावर प्रश्न मिटला.

जूनपासून पावसाने परीक्षा घेतली. खारी हवा, त्यात आठ-आठ दिवस ऊन नाही. बोर्डवर राहिलेला सोल्डरचा फ्लक्स ओल धरतो आणि १५ व्होल्टच्या ट्रॅकवरून इनपुटकडे करंट झिरपतो. हा झिरपा १०० मेगओहमचा धरला तरी सळीच्या ५ किलोओहमवर पाऊण मिलिव्होल्ट उभा राहतो. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने घासून काढला, रात्रभर पिवळ्या बल्बखाली सुकवला आणि वर लॅकरचे दोन हात दिले. इनपुटभोवती गार्डचा, म्हणजे झिरपा अडवणारा, ट्रॅक पहिल्या बोर्डात नव्हता, दुसऱ्यात ठेवला. उघडा कार्बन ट्रिमर जुलैतच खरखरायला लागला, त्या जागी बंद सर्मेटचा मल्टिटर्न आला. पितळी सॉकेट हिरवे पडतात, त्यांना सिलिकॉन ग्रीस लावून ठेवतो.

खाडीकाठचं काम उलटं. समुद्राच्या पाण्याची रोधकता ०.२ ओहम-मीटरच्या आसपास, त्यामुळे खारं शिरलेली जमीन २ ओहम-मीटरही दाखवते. त्याच २० मीटर अंतराला १ मिलिअँपला सिग्नल उरतो १६ मायक्रोव्होल्ट. सुदैवाने तिथे संपर्करोध अगदी कमी, म्हणून सेन्स रेझिस्टर १०० ओहमचा करून आणि लूपच्या आत ट्रान्झिस्टरची जोडी घालून १० मिलिअँपची रेंज केली. ती बरी चालते, पण ट्रान्झिस्टर तापले की आकडा थोडा सरकतो. त्यांना उष्णता सोडायला वेगळी पट्टी हवी, ते काम बाकी आहे.

लोकांना एक गोष्ट मी आधीच सांगतो. यंत्र रोधकता सांगतं, पाणी नाही. जांभ्याखालची चिकण मातीही कमी आकडा देते आणि खारं पाणीही. म्हणून जवळच्या चालू विहिरीपाशी आधी मोजतो आणि तो आकडा वहीत शेजारी लिहितो.

मागच्या महिन्यात सड्यावर त्याच जुन्या भोकांत सळया घातल्या. सुक्या मोजल्या, पाणी ओतून मोजल्या. आकडा फरक न पडता तोच आला. आबांना बोलावून मीटर दाखवला. त्यांनी स्वतःच्या हाताने आणखी एक तांब्या ओतला आणि परत मीटरकडे बघत उभे राहिले.