अपमृत्यू नोंद आणि शवविच्छेदन (सरकारी केंद्र, मुंबई): माणसं चांगली, चौकशी अपुरी

माझा धाकटा भाऊ रात्री झोपला तो उठलाच नाही. वय ३१, शाळेत असल्यापासून फिट्स. पालथा पडला होता, तोंड उशीत, जिभेची कड चावलेली. घरी अचानक गेला म्हणून पोलिसांनी अपमृत्यूची नोंद केली, शवविच्छेदन झालं. त्या सेवेबद्दल लिहितेय.

वागणुकीला पूर्ण गुण. हवालदारांनी आईला खुर्ची आणून दिली, कोणी पैसे मागितले नाहीत, दुपारी भाऊ आमच्या ताब्यात मिळाला.

पण पंचनाम्यात दाराची कडी आली, उशाजवळचा मोबाइल आला, फिट्सचं नाव नाही. न्यूरॉलॉजीची फाइल आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन मी समोर उभी होते. "ताई, ते डॉक्टरांना द्या," म्हणाले. डॉक्टरांपर्यंत फाइल पोचलीच नाही. विषबाधा तपासायला व्हिसेरा (शरीरातल्या अवयवांचे नमुने) ठेवला, मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं. रक्तात फिट्सच्या औषधाचं प्रमाण किती, हे कोणी मागवलंच नाही. काही महिन्यांनी कारण आलं: कार्डिओ-रेस्पिरेटरी फेल्युअर. अहो, हृदय आणि श्वास कोणाचे थांबत नाहीत? हे मृत्यूचं कारण म्हणून लिहू नये, असं डॉक्टरांसाठीच्या सूचनांतच आहे.

एपिलेप्सी, म्हणजे फिट्सचा आजार, असलेल्या माणसाच्या अशा अचानक मृत्यूला सुडेप (SUDEP) म्हणतात. एपिलेप्सी असलेल्या प्रौढांमध्ये दर वर्षी साधारण १००० जणांमागे एक. शवविच्छेदनात दुसरं कारण सापडत नाही, म्हणून सगळी भिस्त माहितीवर असते: शेवटची फिट कधी आली, झोपेत यायच्या का, गोळ्या चुकल्या का, खोलीत सोबत कोण होतं, कसा पडला होता. अमेरिकेतल्या मेडिकल एक्झॅमिनरांच्या (अचानक मृत्यूंचं कारण तपासणाऱ्या डॉक्टरांच्या) संघटनेने २०१८ साली अशा मृत्यूंचा तपास आणि नोंद कशी करावी हे लिहून ठेवलंय. मुंबईत अशा मृत्यूंची चौकशी करणारा वेगळा अधिकारी असायचा, कोरोनर; ते पद १९९९ मध्ये बंद झालं, तेव्हापासून ही चौकशी पोलीस आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांच्याच हातात आहे. पंचनाम्याच्या फॉर्मवर 'फिट्सचा आजार होता का' एवढा रकाना छापायला किती खर्च येतो? तो नाही, म्हणून एपिलेप्सीने गेलेल्यांच्या मोजणीत माझा भाऊ कुठेच नाही. आणि मोजणीच नसेल तर रात्रीच्या फिट्सचा हा धोका ओपीडीत घरच्यांना कोण सांगणार? आम्हाला कोणी सांगितला नव्हता.

तुमच्यावर अशी वेळ आली तर फाइलची झेरॉक्स पोलिसांना द्या, आजार जबाबात लिहून घ्यायला लावा, सही त्यानंतरच करा. कारण दुरुस्त व्हावं म्हणून मी फाइल जोडून अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.